'द स्टँड': एवढं चालवून आणलं आणि शेवटी देवाचा हात? (स्पॉयलर भरपूर आहेत)

तिसरी_घंटा

काल रात्री पावणेदोनला संपवली. स्टीफन किंगची 'द स्टँड', ती १९९० ची मोठी आवृत्ती, साडेअकराशेच्या आसपास पानं. सव्वा महिना लागला, मधे आठ दिवस गावी गेले तेव्हा पण पिशवीत बरोबर होती. आणि संपल्यावर मी इतकी चिडले की झोपच येईना, म्हणून आज इथे लिहितेय.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी तळावर बनवलेला फ्लूचा विषाणू निसटतो, तिथला पहाऱ्यावरचा माणूस बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीतून पळतो आणि थेट टेक्ससमधल्या आर्नेट नावाच्या गावात पेट्रोलपंपावर गाडी घालतो. तिथून काही आठवड्यांत जवळपास सगळा देश मरतो, ९९.४ टक्के. जे उरतात त्यांना स्वप्नं पडायला लागतात, एका स्वप्नात नेब्रास्कातली १०८ वर्षांची म्हातारी मदर अबगेल आणि दुसऱ्यात रँडल फ्लॅग, चेहरा नसलेला, मक्याच्या शेतातून बघणारा. म्हातारीकडे ओढले गेलेले लोक कोलोरॅडोत बोल्डरला जमतात, फ्लॅगकडचे लास व्हेगासला.

पहिली साडेतीनशे-चारशे पानं म्हणजे मी आजवर वाचलेल्यातलं सगळ्यात भारी लिखाण. तो हायवे पोलीस विमा एजंटला पकडतो, एजंट हॉटेलात जेवतो, तिथे एक कुटुंब रस्ता विचारतं, असं एकाकडून दुसऱ्याकडे जात जात आख्खा देश कसा गेला ते एका प्रकरणात. त्यात भूत नाही राक्षस नाही, फक्त शिंका. लॅरी नावाचा गायक न्यूयॉर्कच्या लिंकन टनेलमधून अंधारात प्रेतांवरून चालत जातो ते मी दिवसा वाचलं तरी घाम फुटला.

आणि मग शेवट. चार माणसं म्हातारीच्या सांगण्यावरून अंगावरच्या कपड्यानिशी चालत व्हेगासला निघतात, एकाचा पाय मोडतो, एकाला कोठडीत गोळी घालतात, उरलेल्या दोघांना, लॅरी आणि राल्फला, भर लोकांसमोर हाल करून मारायला बाहेर काढतात, आणि आभाळातून लखलखता हात येतो आणि तिथे आणलेला अणुबॉम्ब उडवतो. संपलं. अरे मग हजार पानं ही माणसं काय करत होती? बोल्डरला कमिटी कशाला केली, व्हेगासला हेर कशाला पाठवले, कमिटीतला निक कशासाठी मेला? देवच करणार होता तर पानं तीनशेवर करून टाकायचा ना. मला फसवल्यासारखं वाटलंय, आणि हे मी पुस्तकावर प्रेम बसल्यामुळेच बोलतेय.

उपनगरी

शेवटाबद्दल १०० टक्के सहमत, पण माझं म्हणणं तुम्ही चुकीची आवृत्ती वाचलीत. १९७८ ला पहिल्यांदा आली ती आठशे-सव्वाआठशे पानांची होती. प्रकाशकाने तेव्हा जवळपास ४०० पानं कापायला लावली कारण एवढं जाड पुस्तक त्या किमतीत विकणं परवडेना, किंगने स्वतः प्रस्तावनेत हे सांगितलंय की कात्री संपादकाची नव्हती, हिशेबखात्याची होती. १९९० ला त्याने बरंच परत घातलं आणि काळ पण पुढे ढकलून १९९० केला. आणि तिथेच वाट लागली असं माझं मत, कारण माणसं बोलतात-वागतात सत्तरच्या दशकातली आणि कॅलेंडर नव्वदचं. तो 'द किड' नावाचा गुंड ट्रॅशकॅन मॅनबरोबर (फ्लॅगकडे निघालेला तो आगी लावणारा माणूस) फिरतो तो आख्खा प्रकार नसता तर काय बिघडलं असतं? मी कॉलेजात असताना जुनी वाचली होती रस्त्यावरून घेतलेली, ती बाणासारखी जाते. कात्री हिशेबखात्याची असली तरी बरोबर चालली होती.

तिसरी_घंटा

@उपनगरी किडबद्दल मान्य, ती पानं मी अक्षरशः ढकलली. पण त्या जाड आवृत्तीतच ते 'दुसऱ्या फेरीतले मृत्यू' वालं प्रकरण आहे ना? साथीतून वाचलेली पण नंतर साध्या कारणांनी गेलेली माणसं. पाच वर्षांचा पोरगा, घरचे सगळे गेलेत, एकटा फिरत फिरत विहिरीत पडतो. एक बाई नवऱ्याचं आणि बाळाचं प्रेत फ्रीजरच्या खोलीत ठेवते आणि दार तिच्यामागे बंद होतं. ते पाचसहा पानांचं प्रकरण मी कधी विसरणार नाही. ते कापायला लावणारा हिशेबखात्याचा माणूस मला तरी बरोबर वाटत नाही. माझी तक्रार लांबीची नाहीये, लांबीचा मोबदला न मिळाल्याची आहे.

कातळ

मी ही १९९३-९४ च्या सुमारास पहिल्यांदा वाचली, त्यानंतर तीनदा. आता साठीला टेकलोय, म्हणजे मी भयकथावाल्या नारायण धारपांवर वाढलेल्या पिढीतला. आमच्यातल्या कित्येकांना किंग कळायच्या आधीच किंग मिळाला होता, 'लुचाई' वाचून थरथरलो तेव्हा कुठे माहीत होतं की मागे किंगची 'सेलम्स लॉट' आहे. धारपांच्या गोष्टींत समर्थ यायचे, म्हणजे वाईट शक्तींशी लढणारं त्यांचं ठरलेलं पात्र. सगळे उपाय थकले, माणूस आपल्या ताकदीच्या शेवटाला आला, की समर्थ यायचे. आम्हाला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही कारण भीती खरी होती तर तिच्यावरचा उतारा पण त्याच मापाचा पाहिजे.

तिसरी_घंटा, तुम्हाला एक विचारतो. प्रल्हादाच्या गोष्टीत खांबातून नरसिंह येतो. मग प्रल्हादाने काय केलं? डोंगरावरून ढकलला, हत्तीच्या पायी दिला, आगीत बसवला, त्याने एकदा पण हात उगारला नाही. तो फक्त 'या खांबात आहे' असं म्हणून उभा राहिला. नरसिंह आला म्हणून कोणी कीर्तनात उठून म्हणत नाही की बुवा तुम्ही फसवलंत. पुस्तकाचं नावच बघा, उभं राहणं. लॅरी आणि राल्फने लढाई जिंकायचीच नव्हती, त्यांनी त्या गर्दीसमोर न मोडता उभं राहायचं होतं. आणि लॅरी म्हणजे कोण, तर सुरुवातीला आईच्या पैशावर जगलेला, बायकांना वापरून सोडलेला, 'तू चांगला माणूस नाहीस' हे वाक्य डोक्यात घेऊन फिरणारा गायक. तो माणूस तिथे उभा राहतो. ती हजार पानं त्यासाठी होती.

उपनगरी

काका प्रल्हादाच्या गोष्टीत पहिल्या ओळीपासून विष्णू आहे. आई कयाधूच्या पोटात असताना नारदाने सांगितलंय. इथे पहिली तीनशे पानं लष्कर, प्रयोगशाळा, रोगनियंत्रणवाले, अटलांटा, व्हरमाँट, सगळं सरकारी आणि वैज्ञानिक, मग अचानक मधेच देव. दोन वेगळी पुस्तकं चिकटवलीत.

कातळ

अचानक नाही हो. स्वप्नं साथ चालू असतानाच सुरू होतात, स्टू रेडमन इस्पितळात कोंडलेला असताना त्याला मक्याचं शेत दिसतं. फ्लॅग रस्त्यावरून बूट वाजवत येतो ते प्रकरण तर निम्मी माणसं मरायच्या बेताला आहे. तुम्ही सर्दीकडे बघत होतात म्हणून दिसलं नाही.

लॅबवाली

मी थोडं वेगळं सांगते. मी पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमधे काम करते. हे पुस्तक माझ्याकडे २०१२ पासून होतं, दोनदा सुरू करून सोडलेलं. २०२० च्या मार्चमधे सगळे याचीच आठवण काढत होते तेव्हा किंगने स्वतः जाहीर सांगितलं होतं की कोरोना म्हणजे 'द स्टँड' नाही, हा तेवढा घातक नाही, काळजी घ्या आणि शांत राहा. ते बरोबरच होतं, कादंबरीतला विषाणू शरीराने प्रतिकार तयार केला की रूप बदलतो, परत केला की परत बदलतो, म्हणून ज्याला झाला तो जगतच नाही. खरा फ्लू पण रूप बदलतो पण एकाच माणसाच्या अंगात चार दिवसांत असा नाही. तेवढं स्वातंत्र्य लेखकाला द्यायला माझी काही हरकत नाही.

पण मी पुस्तक शेवटी वाचलं ते २०२२ ला आणि मला पहिला भाग सहन झाला नाही. तुम्ही सगळे म्हणता पहिला भाग ग्रेट. असेल. मला त्यातलं प्रत्येक खोकणं ओळखीचं वाटत होतं. २०२१ च्या एप्रिलमधे आमच्या लॅबच्या दारात रात्री अकराला पण रांग असायची आणि लोक रिपोर्ट हातात घेतल्यावर कागदाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. फ्रॅनी ही कादंबरीतली तरुण मुलगी तिच्या वडिलांना स्वतः बागेत खड्डा खणून पुरते ते वाचताना मी पुस्तक बंद केलं, तीन आठवडे उघडलंच नाही. आमच्याकडे त्या महिन्यात कितीतरी लोकांना आपल्या माणसाला हात पण लावायला मिळाला नव्हता, आणि ही मुलगी निदान स्वतःच्या हाताने माती घालते याचा मला हेवा वाटला. हे वाक्य लिहायला पण विचित्र वाटतंय पण खरंय.

माझी आजी मानमोडीच्या साथीच्या गोष्टी सांगायची, म्हणजे तिच्या आईकडून ऐकलेल्या, १९१८ च्या फ्लूच्या. लाकडं संपली होती म्हणे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, आपल्या जनगणनेत असं तेवढं एकदाच झालंय. म्हणजे आपल्या घरांमधून हे पुस्तक आधीच एकदा घडून गेलंय, आपण ते लिहून ठेवलं नाही इतकंच. त्यामुळे मला बोल्डरचा भाग, जो सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, तोच औषधासारखा वाटला. कोणीतरी प्रेतं उचलायची यादी करतंय, कोणीतरी वीजकेंद्र चालू करतंय, डॉक्टर नाही म्हणून चिंता चाललीय. साथीनंतर काय, हे कोणी लिहीत नाही. याने लिहिलं.

तिसरी_घंटा

@लॅबवाली तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या महिन्यात मी घरात बसून होते आणि तुम्ही तिथे होतात. मी 'पहिला भाग भारी' लिहिताना हा विचार केला नव्हता.

माजघर

कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. बायकांचं काय? फ्रॅनी सुरुवातीला इतकी छान आहे, आईशी भांडते, गरोदर असून त्या जेसशी लग्न करायला ठाम नकार देते, बापाला पुरते. आणि बोल्डरला गेल्यावर तिचं काय होतं, तर रडणं, स्टूला 'जाऊ नको' म्हणणं आणि बाळंतपण. सात जणांच्या कमिटीत ती आणि सुझन स्टर्न दोनच बायका, त्यातली सुझन तर स्फोटात मरायलाच ठेवलीय. नॅडीनला फ्लॅगसाठी राखून ठेवलेलं शरीर यापलीकडे काही मिळालं नाही. डेना जर्गेन्स एकटी खरी, व्हेगासला हेर म्हणून जाते आणि तिसऱ्या हेराचं नाव फ्लॅगला मिळू नये म्हणून स्वतःला काचेवर झोकून देते, पण तिला पानं किती? तेराशे कॅरॅक्टर आहेत असं वाटावं एवढ्या जाड पुस्तकात तिला मोजून थोडी पानं मिळावीत याचा मला राग आहे.

आणि मदर अबगेल. काळी, म्हातारी, गरीब, पवित्र, गोऱ्या लोकांना रस्ता दाखवून मरून जाणारी. अमेरिकेत यावर बरंच बोललं गेलंय आणि बरोबर बोललं गेलंय.

कातळ

डेनाबद्दल पूर्ण मान्य, ती जागा मलाही कमी वाटते. अबगेलबद्दल अर्धं मान्य. १९०२ ला गोऱ्यांच्या सभागृहात ती गिटार घेऊन गायला उभी राहते ते प्रकरण तुम्ही वाचलंत ना? तिचा बाप जमिनीसाठी किती सोसून तिथे टिकला, शेजारी कसे वागले. तिला इतिहास आहे. ती नुसती खूण नाहीये. शिवाय ती चुकते, तिला स्वतःच्या मोठेपणाचा गर्व झाला म्हणून ती एकटी रानात निघून जाते.

माजघर

इतिहास आहे पण इच्छा कुठेय? देवाची सोडून तिची स्वतःची. असो, एक प्रकरण चांगलं आहे म्हणून सबंध मांडणी सुटत नाही एवढंच म्हणते.

ओहोळ

मी डेन्व्हरजवळ राहतो, बारा वर्षं झाली. बोल्डरला महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. किंग १९७४ ला कुटुंबासह बोल्डरला राहायला आला होता, साधारण वर्षभर, आणि या पुस्तकाची सुरुवात तिथलीच. ते वाचताना जाणवतं. गाव फ्लॅटआयर्न्सना, म्हणजे त्या उभ्या तिरप्या खडकांना, पाठ टेकून बसलंय, पश्चिमेला बघायला गेलं की भिंतच. फ्लॅग त्या भिंतीच्या पलीकडे आहे ही भीती नकाशातच आहे.

मला शेवटाबद्दल बोलायचंय. बोल्डर ते व्हेगास रस्त्याने बाराशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही गाडीने केलाय, एका दमात नाही, मधे मुक्काम करून. आधी आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढ, अकरा हजार फुटांवर, मग पश्चिमेचा उतार, मग ग्रँड जंक्शन, आणि मग यूटा. यूटामधे पुढचा पेट्रोलपंप शंभर मैलांच्या वर लांब आहे अशी पाटी लागते. दोन्ही बाजूंना लाल माती, खडक, झाड नाही, सावली नाही. गाडीत एसी चालू असून माझी मुलगी म्हणाली बाबा इथे कोणीच नाहीये. आणि ही चार माणसं तिथून पायी गेली, पाणी शोधत, त्यांच्यातला ग्लेन बेटमन तर संधिवाताने धरलेला म्हातारा प्राध्यापक. तुम्ही म्हणता त्यांनी काय केलं. ते चालले. त्या रस्त्यावरून एकदा गेल्यावर 'नुसते चालले' असं म्हणता येत नाही.

उपनगरी

चालणं मोठं आहे मान्य, पण कथेच्या दृष्टीने त्या चालण्याने फरक काय पडला ते सांगा. ते चौघं बोल्डरलाच बसले असते तरी ट्रॅशकॅन मॅन वाळवंटात बॉम्ब शोधतच होता. त्याने आधी फ्लॅगची हेलिकॉप्टरं, इंधनाचे ट्रक, वैमानिक सगळे जाळलेच होते, त्याचं प्रायश्चित्त म्हणून तो बॉम्ब घेऊन येणारच होता. म्हणजे फ्लॅगचं राज्य आतूनच संपत आलं होतं. चौघं नसते तरी तेच झालं असतं. हा प्लॉटमधला खड्डा आहे, श्रद्धेचा प्रश्न नाही.

ओहोळ

नाही, तेच झालं नसतं. ते प्रकरण नीट वाचा. लॅरी आणि राल्फला मारायचं म्हणून फ्लॅगने सगळ्यांना एका जागी गोळा केलं होतं. ते दोघं नसते तर गर्दी नसती. गर्दीतून व्हिटनी हॉर्गन पुढे येतो, हा फ्लॅगचाच माणूस, आतापर्यंत सगळं मुकाट बघत आलेला, घाबरलेला, आणि तो ओरडतो की हे बरोबर नाही, आपण एकेकाळी अमेरिकन होतो, अमेरिकन माणसं असं वागत नाहीत. त्याला गप्प करायला फ्लॅग बोटातून विजेचा गोळा सोडतो. तोच गोळा विझत नाही, वर जातो, मोठा होतो, आणि राल्फ त्याला देवाचा हात म्हणतो. म्हणजे ठिणगी फ्लॅगचीच, बॉम्ब फ्लॅगच्याच माणसाने आणलेला, आणि ठिणगी पडली ती एका सामान्य माणसाचं तोंड उघडलं म्हणून. त्याचं तोंड का उघडलं, तर समोर दोन माणसं न भिता उभी होती म्हणून. आता सांगा चौघांनी काय केलं.

कातळ

वा. मी इतक्यांदा वाचून हा धागा असा जोडला नव्हता. धन्यवाद ओहोळ.

उपनगरी

हे वाचन चांगलं आहे, पण हे तुम्ही जोडलंत. लेखकाने व्हिटनीला आधीच्या शंभर पानांत उभा केला असता तर मी मानलं असतं. इतक्या मोठ्या पुस्तकात ज्या माणसाच्या एका वाक्यावर जग वळतं त्याची ओळख एवढी त्रोटक? किडला पानं आहेत, व्हिटनीला नाहीत. हाच तर माझा मूळ मुद्दा, कुठे लांब व्हायचं आणि कुठे नाही ते चुकलंय.

पायरीवरचा

आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, कोविडची दोन वर्षं त्यातच. बोल्डरच्या मीटिंगा ज्यांना बोअर वाटतात त्यांना मी समजू शकतो पण मला ती पानं सोडवेनात. इतिवृत्त, ठराव, अनुमोदन, हात वर करून मतदान. ग्लेन आधीच सगळ्यांना शिकवून ठेवतो की लोकांनी आपली कमिटी जशीच्या तशी निवडून द्यावी म्हणून सभेत कोणी काय बोलायचं. हे मी केलंय! चांगल्या हेतूने केलंय, कामवाल्या बायकांना आत घ्यायचं की नाही यावर भांडणं होऊ नयेत म्हणून आधी फोन करून ठरवून घ्यायचो. वाचताना पहिल्यांदा वाटलं की आपण तेव्हा बरोबर होतो का. चांगल्या लोकांचं गाव पण असंच हळूच सुरुवातीपासून वाकडं होत जातं, ते त्याला दिसलंय. आणि किंगने त्याच्या लेखनाबद्दलच्या पुस्तकात सांगितलंय की इथेच तो अडकला होता, पाचशे पानांनंतर गाडी पुढे जाईना, आठवडेच्या आठवडे फिरायला जाऊन विचार करत होता, पुस्तक सोडून द्यायच्या बेतात होता, आणि मग त्याला कमिटीच्या बैठकीत फुटणारा कपाटातला बॉम्ब सुचला.

तिसरी_घंटा

@पायरीवरचा मला हेच खटकतं! लेखक अडकला म्हणून निक मेला. निक अँड्रॉस, बहिरा, मुका, चिठ्ठ्या लिहून बोलणारा, सगळ्यांत शहाणा. त्याचा देवावर विश्वास नाही, तो म्हातारीला तसं सांगतो, ती हसून म्हणते त्याने काही फरक पडत नाही, त्याचा तुझ्यावर आहे. तो असता तर व्हेगासला जाताना त्याच्या डोळ्यांनी आपण गेलो असतो, विश्वास नसलेला माणूस तिथे उभा राहिला असता तर त्या हाताला मी पण मान दिला असता. त्याला कपाटातल्या बॉम्बने उडवून फक्त मानणारे किंवा मानायला लागलेले पुढे पाठवले. सोपं करून घेतलं.

पायरीवरचा

ग्लेन कुठे मानणारा आहे? तो शेवटपर्यंत समाजशास्त्रज्ञच आहे. आणि कोठडीत फ्लॅग समोर आल्यावर तो काय करतो, हसतो. एवढ्या पानांतून ज्याला सगळे टरकून आहेत त्याला समोरासमोर बघून एक म्हातारा पोट धरून हसतो की अरे तू एवढाच होतास. फ्लॅगला ते सहन होत नाही, तो आपल्या उजव्या हाताला, लॉइडला, गोळी घालायला लावतो, आणि ग्लेन मरताना लॉइडला माफ करतो. तुमचा विश्वास नसलेला माणूस तिथे होता ताई.

आणि बॉम्ब कोणी ठेवला ते पण बघा. हॅरल्ड. बोल्डरची ती 'कंटाळवाणी' पानं नसती तर हॅरल्ड लॉडर आपल्याला कळलाच नसता. जाडा, हुशार, सगळ्यांनी चेष्टा केलेला सोळा वर्षांचा पोरगा. प्रेतं पुरायच्या टोळीत तो घाम गाळून काम करतो आणि तिथली माणसं त्याला प्रेमाने 'हॉक' म्हणायला लागतात. त्याच्या लक्षात येतं की आपण इथे राहू शकतो, इथे आपण कोणीतरी आहोत. दार उघडं आहे. आणि तो आत जात नाही, कारण राग सोडला तर आपण कोण उरतो हे त्याला माहीत नाही. मला माझ्या ओळखीचा एक मुलगा दिसला त्यात, त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही. शेवटी डोंगरात पाय मोडून पडलेला, व्हेगासवाल्यांनी वापरून टाकून दिलेला, तो वहीत माफी लिहितो आणि सही 'हॉक' अशी करतो. पुस्तकात हात कुठे आहे असं विचाराल तर माझ्यासाठी तिथे आहे.

लॅबवाली

ती सही वाचून मी रडले होते.

माजघर

मी पण. हॅरल्डबाबत माझी काहीच तक्रार नाही.

नवा_पान

मी अजून वाचलेली नाही, स्पॉयलर वाचले तरी वाचणार आहे 😊 कुठून सुरू करू, जुनी की नवी? आणि ऑडिओबुक चालेल का? सिरीयल पण आहे ना?

ओहोळ

जुनी आता सहज मिळत नाही, दुकानात मिळते ती मोठीच असते. ऑडिओबुक जवळपास ४८ तासांचं आहे, मी ऑफिसला जाता-येता दोन महिन्यांत ऐकलं, चांगलं आहे. सिरीयल दोन झाल्या, १९९४ ची चार भागांची, पटकथा किंगची स्वतःची, आणि २०२० ची नऊ भागांची. २०२० च्या वालीत कथा पुढेमागे उलटसुलट सांगितलीय, साथ पसरायचा भाग तुकड्यांत येतो, त्यामुळे तिसरी_घंटा यांना जे आवडलं तेच गेलंय. आधी पुस्तक.

उपनगरी

जुनी सापडली तर जुनी. सेकंडहँडमधे शोधा. माझं मत बदललेलं नाही.

कातळ

जाड वाचा. घाई करू नका. पावसाळ्यात सुरू करा, उन्हाळ्यात आर्नेटच्या भागात ऊन फार लागतं.

तिसरी_घंटा

आज दुपारी परत ते व्हेगासचं प्रकरण काढलं, ओहोळ यांनी लिहिलं म्हणून. व्हिटनीचं वाक्य मी पहिल्या वेळी वाचलंच नव्हतं असं म्हणायला हरकत नाही, कारण रात्रीचा एक वाजून गेला होता आणि मी पुढे काय होतं यासाठी धावत होते. तो घाबरलेला आहे, त्याचा आवाज फाटतो, आणि तरी बोलतो. ते खरंच आहे तिथे, कोणी जोडलेलं नाही. उपनगरी म्हणतात ते पण खरंय, त्याची नीट ओळख आधी पाहिजे होती, मी मागची पानं चाळली तर तो इथेतिथे ओझरता आहे.

पण कातळकाका, हात मला अजून पण नकोय. व्हिटनी बोलला, गोळा सुटला, बॉम्ब समोर होता, तो गोळा नुसता भरकटून बॉम्बवर पडला असता तरी सगळं तसंच झालं असतं. राल्फला त्यात हात दिसला असता आणि मला दिसला नसता, आणि दोघंही बरोबर ठरलो असतो. किंगने तो हात सगळ्यांना दाखवला. माझं भांडण आता फक्त त्या एका परिच्छेदाशी उरलंय.

कातळ

राल्फ आणि लॅरी दोघांनी पाहिला. बाकी कोणाला तो हात वाटला का, ते परत एकदा बघा. मी पण बघतो, पुस्तक माळ्यावर आहे, उद्या काढतो.